वाक तामिनचा घोडा

२१ जून

त्रिस्नो,

हे पत्र कोबीच्या ट्रकमधून येतंय. ट्रकवाल्या कांग दारमोला दम भरलाय, सुराबायाच्या बाजारात कोबी उतरवायच्या आधी ते तुझ्या दुकानात द्यायचं. नंतर म्हटलं की तो चहाला बसतो आणि विसरतो. फोन तू उचलत नाहीस. शेवटचा उचललास तेव्हा "युक, गिऱ्हाईक आलंय, मग करतो" म्हणालास, त्याला चौदा महिने झाले. ते गिऱ्हाईक तंबू घेतंय की तंबूत संसार थाटून बसलंय?

तुला लिहिणारच नव्हते. पण परवा तू पाठवलेल्या पाच जणांनी मला पेन हातात घ्यायला लावलं. स्वतः दोन ओळी खरडत नाहीस, माणसं मात्र पाठवतोस. दर महिन्याला कुणी ना कुणी दारात उभं. "तंबूच्या दुकानातल्या त्रिस्नोनं सांगितलंय, बहिणीकडे उतरा, तिच्याइतक्या पायवाटा कुणाला माहीत नाहीत." हे पाच बँकेतले. पुढारी हेन्द्रोसाहेब. पायी हिंडायला आणि निसर्ग बघायला आले होते, आणि पायांत सगळ्यांच्या पांढरे शुभ्र बूट. वाळूच्या समुद्रात अर्धा तास चाललो नाही तोच साहेब थांबले.

"बाई, तो ज्वालामुखी जवळ का येत नाही? मघापासून तिथंच आहे."

"डोंगर आहे तो, साहेब. जवळ आपण जायचं असतं."

पायऱ्या चढून काठावर पोचलो, तर नाकाला रुमाल. हा वास नेहमीच येतो का? मी म्हटलं, नाही, पाहुणे आले की खास सोडतो. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं, त्रिस्नो. शपथ घेऊन सांगते. त्यांच्यातला एक जण फोटोसाठी कठड्यावर चढून आत पाय सोडायला निघाला. त्याला पट्ट्याला धरून मागे ओढला, तर वर मलाच विचारतो, "खाली उतरता येतं का?" उतरता येतं म्हटलं, वर यायची सोय नाही.

घरी आल्यावर चुलीपाशी या म्हणून तीनदा बोलावलं. मक्याचा आरोन शिजवला होता, कोबी, सुकी मासळी, ठेचा. कुणी उठलं नाही. पुढच्या खोलीत बसून कागदी कपातल्या शेवयांवर गरम पाणी ओतून खाल्लं. आपल्या घरात यायचं आणि चुलीकडे पाठ करायची! आई असती तर तिनं चुलीतलं जळतं लाकूडच उचललं असतं.

आईवरूनच आता कामाचं लिहिते. वीस सप्टेंबरला तिला जाऊन हजार दिवस होतात. पूजा सांगणाऱ्या दुकुननी तोच दिवस धरलाय. आईच्या नावाची पानाफुलांची बाहुली, पेत्रा, बांधून पांढऱ्या कापडाखाली घेऊन बसायचं, मंत्र झाले की ती अग्नीला द्यायची आणि आईला वाट मोकळी करून द्यायची. हजार दिवसांच्या आत हे झालं नाही तर ती मध्येच अडकून राहील, हे तुला मी सांगायला हवं का? पेत्रा तू धरायचीस. तुझे दाजी म्हणतात चुलतभाऊ धरेल, चालतं. चालत असेल. पण आईनं माझ्यादेखत तुझं नाव घेतलं होतं, चुलतभावाचं नाही.

तुझा फोटो अजून उद्यानाच्या फाटकावरच्या, नियम मोडणाऱ्यांच्या फलकावर आहे. पावसानं चेहरा उडालाय, कान तेवढे राहिलेत. तरी लगेच ओळखू येतोस.

— मिस्तियानी. (तुझी युक, म्हणजे थोरली बहीण. विसरला असशील म्हणून लिहिलं.)

१४ जुलै

त्रिस्नो,

उत्तर नाही. उत्तराऐवजी आणखी दोन पाहुणे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मला आता नीट समजलं.

या वेळी लग्न ठरलेलं जोडपं होतं. मुलीचा झगा पायघोळ, गुलाबी, मागे हातभर लोळणारा. असा झगा घालून तिला कड्याच्या वरच्या पायवाटेनं चालायचं होतं. मी आणि तिचा नवरदेव आळीपाळीनं झगा उचलून चाललो. सुरूच्या झाडांतून वर निघालो की डावीकडे उतार लागतो ना, तिथे यंदा तानालायू दाट फुललंय. आम्ही श्वास घ्यायला थांबलो, तेवढ्यात बाईसाहेबांनी हात घातला आणि एक फूल ओरबाडलं. मी तिच्या हातावर फटका मारला. पाहुण्याला मारलं मी, त्रिस्नो! नवरदेव चिडला.

"एवढंसं तर फूल! त्यासाठी मारायचं?"

"या एवढ्याशा फुलापायी माझा भाऊ..." इतकं म्हणाले आणि झगा उचलून चालायला लागले. 

मग रात्रभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. तुला कळत नव्हतं का रे? राष्ट्रीय उद्यानातलं फूल तोडायचं नाही, हा नियम काल झालेला नाही. पूजेला फूल तर हवंच. म्हणून आम्ही बावीस बायकांनी दोन वर्षं हेलपाटे घालून रोपवाटिकेची परवानगी मिळवली. अट एकच होती, गावातलं कुणी रानातल्या फुलाला हात लावणार नाही. त्या कागदावर अध्यक्ष म्हणून सही माझी. आणि जुडीसकट सापडला कोण, तर अध्यक्षबाईंचा सख्खा भाऊ. आईला जाऊन पाच महिनेसुद्धा झाले नव्हते, आणि तू पायऱ्यांशी बसून पर्यटकांना विकायला फुलं तोडलीस. जुडी एकच सापडली, म्हणजे बाकीच्या विकून झाल्या असणार. वनरक्षकांनी विचारलं तर तोंडातून शब्द काढला नाहीस. वाटाड्यांच्या यादीतून नाव कापलं, तरीही नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी उचललीस आणि दारमोच्या ट्रकमध्ये बसलास.

चुगली कुणी केली यावरून गावावर राग धरला असशील, तर ज्यानं केली तो फळ भोगतोय. वाक तामिनचा पांढऱ्या कानाचा घोडा त्या सकाळी चौकीबाहेर बांधलेला अर्ध्या गावानं पाहिला होता. तुमचं दोघांचं आदल्या आठवड्यात पाहुण्यांवरून वाजलंही होतं. तेव्हापासून दोन कारो होऊन गेले. कारोच्या सणाला सगळं गाव सगळ्यांच्या घरी जेवतं, वाक तामिनकडेही जातं. बसतं, पाणी पितं आणि उठतं. ताटाला कुणी हात लावत नाही. सून बिचारी दोन दिवस राबून रांधते आणि मग सगळं डुकरांना घालते.

मी तरी काय करणार.

— युक

६ ऑगस्ट

त्रिस्नो,

दारमो सांगत होता की तू माझी पत्रं वाचतोस आणि हसतोस. हसतोस? इथे माझ्या नाकी नऊ आलेत.

परवा पहाटे थंडीनं गोठलेलं विषारी दव पडलं. दारं उघडली तर शेतं पांढरी. सूर्य आला, पांढरं गेलं आणि खाली सगळं काळं. बटाटा गेला, आपला पाऊण गेला. ते मी सोसलं असतं, दर दोन-तीन वर्षांनी सोसतोच. पण रोपवाटिकाही गेली. बावीस वाफे, एकेक रोप हाताला लावलं की भुगा होतं. रात्री वर झाकायची ताडपत्री कुणी काढली म्हणून बायका एकमेकींवर तुटून पडल्या. मी अध्यक्ष. मी मध्ये पडले, तर दोन्हीकडच्या माझ्यावर तुटून पडल्या.

म्हणजे आईच्या पेत्रासाठी फूल नाही. शेजारच्या गावात विचारलं, त्यांचंही तसंच.

काल एकटीच वरच्या उतारावर गेले. थंडीनं तिथल्या फुलांना काही केलेलं नाही. आपण गादीवर वाढवलेलं मरतं आणि ते वाऱ्यात उभं असलेलं जगतं, या उरफाट्या न्यायाला काय म्हणायचं? गुडघाभर फुलांत अर्धा तास बसले. हात खांद्यावरून गुंडाळलेल्या सारोंगच्या आत घट्ट धरून. एक जुडी, एवढीच लागते. कोण बघतंय? तेवढ्यात वनरक्षक गुनार्सो खालून चढत आला.

"काय युक, फुलं मोजताय?"

"पाय दुखले म्हणून बसलेय!" मी अशी खेकसले की तो दोन पावलं मागे सरकला. काही केलंही नव्हतं, तरी अंगाला घाम फुटला. खाई त्याला खवखवे, म्हण खरी आहे.

घरी येताना वाक तामिन घोड्याला पाणी पाजत होते. मला बघून हसले. ते मला बघून नेहमी हसतात. मला ते सहन होत नाही.

पंचेचाळीस दिवस राहिलेत. पाहुणे पाठवू नकोस, स्वतः ये.

— युक

२४ ऑगस्ट, सकाळ

त्रिस्नो,

तुझ्या घरमालकीणबाई परवा पोचल्या. त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि उजवा गुडघा वाकत नाही, हे आधी कळवायला तुझ्या हाताला काय झालं होतं? गुडघा दुखणाऱ्या बाईला कुणी ज्वालामुखीवर चालायला पाठवतं का? मी घोडा आणते म्हटलं, तर "मी शाळेत चौतीस वर्षं वनस्पती शिकवल्या, घोड्यावरून त्या दिसत नाहीत" म्हणाल्या आणि काठी घेऊन निघाल्या.

दोन तासांच्या वाटेला आम्ही पाच तास लावले. प्रत्येक गवताशी थांबायचं. विवरामागच्या कुरणात रानबडीशेप दिसली तर चुरडून हुंगली, मलाही हुंगायला लावली. मी जन्मल्यापासून ती हुंगतेय! पायऱ्यांपाशी मी म्हटलं, बू हार्तिनी, अडीचशे पायऱ्या आहेत, राहू दे. त्या खाली वाळूत बसल्या. आतून येणारा घुमणारा आवाज ऐकत म्हणाल्या, "वरून बघायलाच हवं असं कुठंय? इथूनही कळतंय की तो जागा आहे." तू पाठवलेल्या सगळ्या माणसांत ही पहिली, जिला आपण कुठे आलोय ते कळलं.

घरी आल्यावर बोलवावं लागलं नाही. सरळ आत आल्या, चुलीपाशी पाटावर बसल्या, हात शेकले आणि माझ्यापुढची बटाट्याची टोपली स्वतःकडे ओढली. आरोन दोनदा घेतला. मग मी शेजारच्यांचं काही सांगत होते, तर विचारतात, "वाक म्हणजे काय?" सांगितलं, आईबापापेक्षा वयानं मोठा तो वाक. "म्हणजे त्रिस्नो ज्यांच्याबद्दल बोलतो, ते हेच वाक तामिन," त्या म्हणाल्या. 

मग एकेक बाहेर आलं. तू माझी पत्रं जेवताना मोठ्यानं वाचून दाखवतोस. दोघं पोट धरून हसता. मग तू भांडी घासायला मोरीत जातोस आणि बराच वेळ बाहेर येत नाहीस.

"मग उत्तर का देत नाही तो?"

"तो म्हणतो, युकनं अजून मुख्य गोष्ट लिहिलेली नाही. ती लिहील तेव्हा मी लिहीन."

"कुठली मुख्य गोष्ट?"

त्यांनी बटाटा सोलून पूर्ण केला. "वनरक्षकांनी त्याला चौकीत नेलं तेव्हा नोंदवहीत सही करायला लावली. त्याच्या वरच्या ओळीत कुणाची सही होती, ते त्याला दिसलं म्हणे. कुणाची ते त्यानं मला सांगितलं नाही. तुम्हांला माहीत आहे म्हणाला."

मग पिशवीतून साबणाचं खोकं काढलं. आत तानालायूची जुडी, सुतळीनं बांधलेली, वाळलेली, पण रंग जशाचा तसा. तू म्हणालास म्हणे, दोन जुड्या तोडल्या होत्या. हातातली वनरक्षकांनी नेली, सारोंगमधली राहिली. आईनं जायच्या आधी स्वतःच्या पेत्रासाठी मागितली होती. "मिस्तीच्या वाफ्यातली नकोत. वाऱ्यात उभी असलेली आण. आणि तिला सांगू नकोस, ती परवानगीचा कागद मागेल."

असंच म्हणाली असणार. तिचा आवाज मला जसाच्या तसा ऐकू आला.

बाई अजून झोपल्यात. मला थोडा वेळ दे. दुपारी लिहिते.

२४ ऑगस्ट, दुपार

त्रिस्नो,

होय, मी.

रोपवाटिकेतून तुला उतारावरून येताना पाहिलं, हातात फुलं. माझं डोकं फिरलं. बावीस बायका, दोन वर्षांचे हेलपाटे, आणि घरचाच माणूस त्यावर पाणी ओतायला निघालेला. आपल्या घोड्याचा खूर दुखावला होता म्हणून वाक तामिनचा घोडा मागून घेतला. काय काम आहे ते त्यांनी विचारलंही नाही. चौकीत वही समोर होती, पेन दोरीला बांधलेलं होतं. येणाऱ्यानं नाव, वेळ आणि काम लिहावं. मी लिहिलं. मिस्तियानी, नऊ वाजून दहा मिनिटं, तक्रार. चुगली करायला जाणारं माणूस सही करून येतं का? मी आले. यावर तू मोरीत जाऊन हसला असशील, तर हस.

संध्याकाळी गावात कुजबुज सुरू झाली की घोडा तामिनचा होता. तेव्हाच म्हणायला हवं होतं, घोडा त्यांचा, पण वर मी होते. पहिल्या दिवशी लाजेनं बोलले नाही. दुसऱ्या दिवशी, पहिल्या दिवशी बोलले नाही म्हणून बोलले नाही. असं करत दोन वर्षं गेली. दोन्ही कारोंना मीही त्यांच्या घरी गेले, पाणी प्यायले आणि सगळ्यांबरोबर उठले. हे तुला दारमोनं सांगितलंच असेल.

मी तक्रार केली म्हणून तू रागावला नाहीस, त्या म्हाताऱ्या माणसाला मी वाळीत पडू दिलं म्हणून रागावलास. मला आता समजलं. तरीही सांगते, फूल तोडलंस ते चूकच होतं. आईनं सांगितलं तरी चूक. मला येऊन म्हणाला असतास तर मी भांडले असते, कागद मागितला असता, आणि मग कुठूनतरी वाट काढली असती. तुम्ही दोघांनी ठरवूनच टाकलं की मिस्ती ऐकणार नाही. तुम्हा मायलेकांचं नेहमी असंच होतं. मी चुलीपाशी आले की बोलणं बंद. याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं, आजही वाटतं.

खोकं मी बू हार्तिनींबरोबर परत पाठवतेय. पोरा, जुडी पाठवून सुटका करून घेऊ नकोस. ज्यानं तोडली त्यानं आणावी.

कारोला मी वाक तामिनकडे जेवणार आहे. तू ये किंवा नको येऊस, ते मी करणारच.

— मिस्तियानी

८ सप्टेंबर

त्रिस्नो,

पोट इतकं दुखतंय की बसून लिहिता येत नाही. आडवी पडून लिहितेय, अक्षर समजून घे.

काल कारोला वाक तामिनकडे पोचले तर पाच-सहा घरची मंडळी आधीच बसलेली. चुलीभोवती जागा नव्हती. दुकुनची बायको, दाजींचा भाऊ, रोपवाटिकेतल्या सातआठ जणी. समोर ताटं भरलेली आणि सगळ्यांच्या हातात पाण्याचे पेले. मी ताट ओढलं. आरोनचा घास घेतला, भाजीचा घेतला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोंडातला घास गिळला आणि म्हटलं, "त्या दिवशी चौकीबाहेर घोडा यांचा होता. वर मी होते. तक्रार मी केली."

  मग वाक तामिननी माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

"तुम्हांला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"माझा घोडा मी कुणाला दिला ते मला ठाऊक नसेल? म्हातारा झालोय, बाई, वेडा नाही झालो."

"मग बोलला का नाहीत? दोन वर्षं?"

"तुझी आई गेली होती, भाऊ गेला होता. गावही पाठ फिरवून बसलं असतं तर तुझ्याजवळ राहिलं काय असतं? मला निदान घोडा होता."

मला रडू आलं, आणि तोंडात घास. ठसका लागला. सुनेनं पाठीवर गुद्दे घातले, जरा जोरातच घातले. तिचा हक्क आहे. मग दुकुनच्या बायकोनं पेला खाली ठेवला आणि ताट घेतलं. तिच्यामागून सगळ्यांनी. भांडं रिकामं झालं, सुनेनं दुसरं चढवलं. मी चार वेळा घेतलं. तिसऱ्यांदा नको म्हणत होते तर सून म्हणाली, "मागच्या दोन कारोंचं राहिलंय." मी ताट पुढे केलं.

आता आपल्या घरचं ऐक. आज संध्याकाळपर्यंत अकरा घरची माणसं आली. अकराही घरची पाणी पिऊन उठली. दोन दिवस रांधलेलं तसंच आहे. दाजी हताश होऊन भांड्यांकडे बघत बसलेत. बारावे वाक तामिन आले, काठी टेकत, आणि पोटभर जेवून गेले. मी कुणाला नावं ठेवत नाही. पुढच्या वर्षी बघू.

गुनार्सोकडेही गेले होते. जुडीचं सगळं सांगितलं, पेत्रासाठी ती तुला आणू दे म्हटलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "युक, नियम मोडा म्हणून तुम्ही मला सांगताय? तुम्ही?" मी म्हटलं, तोडल्याची शिक्षा भोगून झालीय, एकाच चुकीला दुसऱ्यांदा कुठली शिक्षा? तो म्हणाला, "फाटकातून आत आणायची तर वहीत नोंद करावी लागेल." करेल म्हटलं. फलकावरचा फोटोही काढायला लावला. तुझे कान खिळ्याला चिकटून राहिले होते, ते मी नखानं खरवडून काढले.

बारा दिवस.

— युक

२६ सप्टेंबर

त्रिस्नो,

दारमो सांगतो तू नीट पोचलास. हे तू सांगायला हवं होतं.

मी काही म्हणणार नव्हते. दुःखाचा दिवस, पाहुणे, दुकुन, मंत्र, त्यात मी कशाला बोलू म्हणून गप्प राहिले. आता बोलते. एकोणीस तारखेला दुपारचा ट्रक येतो हे मला माहीत होतं. मी सकाळी चूल पेटवली, आरोन चढवला, तुला आवडतो तसा ठेचा कुटला, आणि दारात उभी राहिले. ट्रक आला, गेला. तू नाहीस. तासभर वाट बघितली. दाजी म्हणाले आला नसेल. मी त्यांच्यावर ओरडले, मग चुलीपाशी बसून रडले. आणि तू संध्याकाळी दारात उभा राहिलास ते पोट चोळत!

"युक, जरा वेळानं वाढ. वाक तामिनकडे जेवलोय. त्यांच्या सुनेनं सोडलंच नाही."

मी किती चिडले ते तुला कळलंच नसेल, कारण मी तुला धरून ठेवलं होतं. तुझ्या काखेत साबणाचं खोकं होतं, ते माझ्या बरगडीत टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी कापडाखाली पेत्रा तू धरलीस आणि मी तुझ्या कोपराला हात लावून बसले. आत उजेड पांढरा होता, फुलांचा वास येत होता, आणि तू नाक ओढत होतास. लहानपणीही असाच ओढायचास, आई फडकं घेऊन मागे धावायची. तेव्हा मला वाटलं, ती आता जाईल, काळजीचं काही राहिलेलं नाही. असं मला खरंच वाटलं. नंतर आग पेटली तेव्हा जुडी सगळ्यांत शेवटी जळली.

काल चौकीत गेले होते, रोपवाटिकेच्या नव्या परवानगीसाठी. वहीत सही करायला पान उलटलं तर एकोणीस तारखेची तुझी ओळ दिसली. त्रिस्नो, दोन वाजून चाळीस मिनिटं. काम या खान्यात तू फक्त "आई" लिहिलंयस. गुनार्सो म्हणाला, हे काम नियमात बसत नाही, पण मी खोडलं नाही. मी त्याला चहा पाजला.

वाटाड्यांच्या यादीचा अर्ज सोबत पाठवतेय. भर. सगळे खाने भर, नेहमीसारखे रिकामे सोडू नकोस. बू हार्तिनींना सांग, गुडघ्याला रानबडीशेपेचं तेल पाठवलंय. आणि हेन्द्रोसाहेबांसारखी माणसं पाठवायची असतील तर आधी त्यांना बूट विक.

आणि पुढच्या कारोला आधी माझ्याकडे जेवायला ये. नाही, राहू दे. आधी वाक तामिनकडेच जा. पण तिथे पोटभर खाऊ नकोस. इथे माझ्या चुलीवर भांडं भरलेलं असेल, आणि ते संपवणारी माणसं अजून दोनच आहेत, वाक तामिन आणि तू.

— तुझी युक